निम्मं माप

डिग्रीसाहेबांकडे डिग्री एकही नव्हती. त्यांनी शाळा सोडली की शाळेने त्यांना सोडलं, यावर नातेवाइकांत अजून दोन तट आहेत. हे नाव पडलं ते दूध संकलन केंद्रावर. तिथे त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. गवळ्यांनी आणलेल्या दुधात काचेची कांडी सोडायची, ती किती बुडते ते पाहायचं आणि कांडीवरचा आकडा मोठ्याने सांगायचा. त्या आकड्याला डिग्री म्हणतात. दूध अस्सल असलं की कांडी ताठ मानेने वर राहते, पाणी घातलेलं असलं की लाजल्यासारखी खाली जाते. साहेबांनी आकडा पुकारला की गवळ्याचा चेहराही त्याच बेताने वर राहायचा किंवा खाली जायचा.

पाणी घालणाऱ्यांवर त्यांचा फारसा राग नसे. उलट त्यांची कारणं ऐकण्यात सकाळ मजेत जाई. कुणी म्हणे, उन्हाळा आहे, जनावर पाणी फार पितं. कुणी म्हणे, कॅन विसळला तेव्हा तळाला थेंबभर राहिलं असेल. एकाने तर सासूचं नाव घेतलं होतं, आणि सासू वारून वर्ष झालं होतं. साहेब सगळं ऐकून घेत, मान डोलवत आणि दूध परत पाठवत. खरा राग होता तो पावडरवाल्यांवर. हे लोक आधी दुधात पाणी ओतत आणि मग कांडीला फसवायला वरून पावडर कालवत. कांडी काचेची, ती फसायची. साहेब बोटावर थेंब घेऊन जिभेला लावत आणि म्हणत, "पाणी घालतो तो साधा चोर. पावडर घालतो तो शिकलेला चोर."

अशा माणसाच्या घरात पावडरच्या दुधाचा डबा आला, आणि तोही नातीसाठी.

त्याला इलाज नव्हता. बाळंतपणानंतर सुनेला ताप आला, तो रेंगाळला आणि दूध आटलं. पहाटे आणि संध्याकाळनंतर पोरीला अंगावर घेण्यापुरतं उरलं, तेही तिची समजूत काढण्यापुरतं. डॉक्टरांनी डबा लिहून दिला. सून चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. केसाएवढा फरक पडला तर माणसाला जिन्याची पायरी दिसत नाही, असल्या कामातली ती बाई. डब्यावरची सूचना तिने तोंडपाठ केली. चमचा भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, एक कण इकडे नाही की तिकडे नाही. सुट्टी संपून ती कामावर जायला लागली तेव्हा दिवसभराची पावडर सकाळीच मोजून झाकणाच्या छोट्या डब्यांत भरून ठेवू लागली. एक डबी, एक बाटली. सासऱ्यांनी फक्त उकळून निववलेल्या पाण्यात डबी उपडी करायची आणि बाटली हलवायची. यात चुकायला जागाच नव्हती.

मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. तो दिवसभर इमारतींच्या पोटात लटकलेला असायचा आणि घरी आला की जमिनीवर चालतानाही जरा जपून चालायचा. त्यामुळे दिवसा घरात दोघंच. साहेब आणि नात. तिचं नाव कागदावर लांबलचक होतं, साहेब तिला ठमाबाई म्हणत.

पहिले काही दिवस साहेबांनी मुकाट्याने डबी उपडी केली. पण बाटली हलवताना त्यांचा हात अडखळे. ते पांढरंशुभ्र, दाट, काचेला चिकटून उतरणारं दूध पाहून त्यांना जुने ओळखीचे चेहरे आठवत. एकदा त्यांनी थेंब जिभेला लावलाच. हयातभर जे परत पाठवलं तेच हे, आणि नुसती भेसळच भेसळ, नावालाही दूध नाही. त्यात दिवस उकाड्याचे. पंखा गरम हवा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेऊन टाकत होता. ठमाबाईचे ओठ सुकल्यासारखे दिसत. या एवढ्याशा जिवाला तहान लागली असेल आणि आपण तिला खळ पाजतोय, असं साहेबांच्या मनाने घेतलं. कंपनीला काय, डबा लवकर संपला तर बरंच. म्हणून मापात दोन चमचे जास्तच लिहिलेले असणार. शिकलेले चोर.

त्या दिवशी डबी पूर्ण उपडी झाली नाही. थोडी पावडर मागे राहिली. पुढच्या आठवड्यात आणखी थोडी, आणि मग साहेबांच्या अनुभवी नजरेला पटेल असं माप ठरलं. निम्मं. उरलेली पावडर फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ती ते मोठ्या डब्यात परत टाकत, डबा हलवून वरचा भाग सारखा करत. सुनेला सांगायचं त्यांनी टाळलं, कारण तिने डब्यावरची सूचना वाचून दाखवली असती आणि छापील गोष्टींशी वाद घालायला साहेबांना आवडत नसे.

फळ लगेच दिसलं. ठमाबाई गटागटा प्यायची. लंगोट भराभर ओले व्हायचे. दोरीवर त्यांची रांग लागायची. लस द्यायला येणाऱ्या परिचारिकेने सांगितलंच होतं की लंगोट ओले होत असतील तर बाळाच्या पोटात पुरेसं जातंय असं समजा. साहेब संध्याकाळी सुनेला दोरी दाखवत. गालही भरल्यासारखे दिसू लागले. खालच्या मजल्यावरचा टेम्पोवाला जिन्यात भेटला की म्हणे, "साहेब, नात फुगली हो. काय पाजता काय?" साहेब गूढ हसत.

आधी भूक लागली की ती घर डोक्यावर घेई. हळूहळू तेही थांबलं. बाटलीची वेळ टळून गेली तरी पडून राही, छताकडे बघत. सुनेने एकदा विचारलं, ही फार गप्प झाली नाही का. अंगावर घेतलं तर ओढतही नाही, लगेच दमते. साहेब म्हणाले, शहाणी झाली, आजोबांवर गेली. मुलगा हसला. सुनेने पोरीला खांद्यावर टाकून जरा वेळ थोपटलं आणि म्हणाली की आजकाल हिचं वजन हाताला लागत नाही. साहेबांनाही ते जाणवलं होतं. दुधाचे कॅन उचलून त्यांच्या हातांना वजनाची जाण होती. गाल भरताहेत आणि हाताला पोर हलकी लागते, हे गणित त्यांना जुळेना. मग त्यांनी ठरवलं की हाताला सवय झाली असेल. रोज उचललेली वस्तू हलकीच लागते. हे कारण त्यांना पटलं. केंद्रावर कुणी असलं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलवून दूध परत पाठवलं असतं.

त्या दुपारी ठमाबाईला बाटली लावली तर तिने तोंडच उघडलं नाही. अंग गार लागत होतं, एवढ्या उकाड्यात. साहेब तिला दुपट्यात गुंडाळायला गेले तेवढ्यात तिचे डोळे एका बाजूला वळले आणि तिथेच राहिले. ओठांचा कोपरा उडू लागला. मग एक हात, ठरावीक तालात, कुणी आतून दोरी ओढावी तसा. साहेबांनी तिला हाक मारली. नेहमीच्या नावाने मारली, मग कागदावरच्या नावाने मारली.

टेम्पोवाल्याने टेम्पो असा हाकला की रस्त्यातल्या लोकांनी त्याला दिलेल्या शिव्या साहेबांना निम्म्याच ऐकू आल्या. दवाखान्यात पोरीला हातातून घेतलं गेलं आणि एका दारामागे नेलं. थोड्या वेळाने सून आली, नाकावर भिंगांची धूळ तशीच. मग मुलगा, कमरेला पट्टा आणि हुक लटकत असलेला.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढ्याच होत्या. झटका औषधाने थांबवलाय, म्हणाल्या. रक्ताचा पहिला अहवाल आलाय, त्यात मीठ फार उतरलंय. इतकं की झटका येणारच. पण का उतरलं ते कळत नाही. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत. कधी कधी असं जास्त पाण्याने होतं. इतक्या लहान बाळाला पाणी द्यायचंच नसतं, दुधातलं पाणी तिला पुरतं. वेगळं पाणी दिलं किंवा दूध पातळ केलं की मूत्रपिंडांना ते पेलत नाही, रक्तच पातळ होतं. तसं काही दिलंत का तुम्ही?

"नाही," सून म्हणाली. "थेंबही नाही. पावडर मी स्वतः मोजते." आणि तिने चमचे, पाणी, सुरीची पाठ, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या की मग दुसरं काही शोधायला हवं. मेंदूला सूज असू शकते, एखाद्या ग्रंथीचा दोष असू शकतो. पाठीतून सुईने पाणी काढावं लागेल.

साहेब भिंतीला टेकून उभे होते. पाणी घातलं की आकडा उतरतो, ही गोष्ट जगात त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं. आणि कळल्यावर, समोर कॅन घेऊन उभे राहणारे ते सगळे गवळी जे करत, तेच त्यांनी केलं. चेहरा सरळ ठेवला.

मनात कारणांची रांग लागली. आता सांगून काय होणार, मीठ तर उतरलंच. सुईचं पाणी काढल्यावर कदाचित दुसरंच काही निघेल. कदाचित ग्रंथीचाच दोष असेल. एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या नातीत ग्रंथीचा दोष निघावा अशी इच्छा करावी, इथवर ते पोचले आणि तिथे थांबले. आत पाठीत सुई गेली आणि दारामागून ठमाबाईचा आवाज आला. सुई टोचल्यावर पोर जशी किंचाळते तशी किंचाळी नव्हती ती. नुसतं एक कण्हणं, म्हातारं.

बाहेर मुलगा बायकोला हळू आवाजात विचारत होता की तू पहाटे मोजतेस, झोपेत असतेस, नीट मोजतेस ना. ती हो म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी ती बोटांवर चमचे मोजू लागली.

मग एक पोक्त परिचारिका बाटली, डबा आणि चमचा घेऊन आली. तिने सुनेला सांगितलं की घरी करतेस तसं माझ्यासमोर करून दाखव, रागावणार नाही कुणी, पुष्कळ जणींचं चुकतं. सुनेने चमचा भरला, सपाट करायला सुरी नव्हती म्हणून ओळखपत्राच्या कडेने सपाट केला, आणि ठरलेल्या पाण्यात ठरलेली पावडर घातली. परिचारिका म्हणाली, अगदी बरोबर आहे.

"मग घरी चुकत असणार," सून म्हणाली. "डबा जास्त दिवस पुरतोय. माझ्या लक्षात आलं होतं ते. मला वाटलं, बरंच झालं. म्हणजे मीच कमी घालत असणार, नाही का? मला आठवत नाही. माझ्याच हातून झालं असणार."

ती रडत नव्हती. एखाद्या ग्राहकाने परत आणलेला चष्मा उजेडात धरून पाहावा तशी स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

"तिचं माप बरोबर आहे," साहेब म्हणाले. "दिवसा मी पाजतो. मी निम्मं घालतो."

मुलाच्या कमरेचा हुक खुर्चीला लागून वाजला.

"निम्मं पाणी?" परिचारिकेने विचारलं.

"निम्मी पावडर. पाणी पूर्ण. उरलेली डब्यात परत."

डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी साहेबांना बसवलं, खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली, आणि मऊ आवाजात म्हणाल्या की पुष्कळ घरांत असं होतं. डबे महाग असतात, लोक पुरवून पुरवून वापरतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साहेबांना दार उघडून दिलं होतं. गरिबीच्या दाराने ते मानाने बाहेर पडू शकले असते. पण डब्याचे पैसे मुलगा वेळेवर देत होता आणि मुलगा समोर बसला होता. इथे मामला गरिबीचा नव्हता, ज्ञानाचा होता, आणि त्याला जगात कुठेच सवलत नाही.

"पैशासाठी नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मला दुधातलं कळतं."

डॉक्टरीणबाईंनी किती दिवस, किती बाटल्या, हे विचारून घेतलं. उठताना एवढंच म्हणाल्या की आल्याआल्या सांगितलं असतंत तर पाठीतली सुई वाचली असती. आवाज चढवला नाही. मग त्या दारामागे गेल्या आणि आत लगबग वाढल्याचं ऐकू आलं. मीठ भराभर चढवता येत नाही, परिचारिकेने सांगितलं. एकदम चढलं तरी मेंदूला इजा. थेंबाथेंबाने चढवायचं. साहेबांनी मान डोलवली. मग आपण मान डोलवतोय हे लक्षात येऊन ती थांबवली.

ठमाबाई वाचली. घरी आली तेव्हा गालांची सूज उतरली होती, आणि खाली एक इवलासा, वाळलेला चेहरा निघाला, जो या सगळ्या दिवसांत तिथेच होता. मग ती रडायला लागली, खऱ्या भुकेने, आणि घरातले तिघेही ते रडणं गाणं ऐकावं तसे ऐकत बसत. झटक्याचं औषध चालू राहिलं. मेंदूला किती झळ पोचली ते आत्ता सांगता येणार नाही, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. वाढेल तसं कळेल.

सुनेने नोकरी सोडली. साहेबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. ते वाट पाहत होते. कुणी बोललंच तर काय उत्तर द्यायचं याची त्यांनी तयारी केली होती, आणि सगळी उत्तरं एकाहून एक वाईट होती. पण सून त्यांना वेळेवर जेवायला वाढत होती, बाबा, अजून घ्या, म्हणत होती. मुलगा पूर्वीपेक्षा जास्त बोलायचा, सगळं लिफ्टविषयी. कुठल्या इमारतीत दोर झिजलाय, कुठे दार अडकतं. ते तासन्‌तास लिफ्टविषयी ऐकत. पोर मात्र त्यांच्या हातात येत नव्हती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मनाई केली नव्हती. ती नेहमी आत्ताच झोपलेली असायची, किंवा आत्ताच उठलेली असायची, किंवा तिला आत्ताच तेल लावलेलं असायचं.

पुढच्या तपासणीला मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून साहेब सुनेबरोबर गेले. औषधांची पिशवी त्यांच्याकडे, पोर तिच्याकडे. डॉक्टरीणबाईंनी एक लाल चेंडू ठमाबाईच्या तोंडासमोर धरला आणि हळूहळू उजवीकडे नेला. तिचे डोळे चेंडूबरोबर गेले. मग डावीकडे नेला. डोळे मध्येच थांबले. चेंडू बराच पुढे गेल्यावर, काहीतरी राहून गेल्याचं आठवावं तसे, मागाहून निघाले. त्यांनी पुन्हा करून पाहिलं आणि लिहून घेतलं. "बघू या," म्हणाल्या. "अजून लहान आहे."

परतीच्या बसमध्ये सून खिडकीशी बसली, साहेब तिच्या शेजारी. मधल्या वाटेच्या पलीकडे एक थोराड बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. दोन थांबे गेले आणि ठमाबाईने दूध ओकलं, बरंचसं आईच्या खांद्यावर. फडकं सुनेच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत तळाला होतं. वाकायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

साहेबांनी औषधांची पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केले.

सुनेने त्या हातांकडे पाहिलं. रागाने नाही. भिंगावर चरा आहे की नुसता डाग आहे, हे पाहतात तसं, नीट. बस एका वळणावरून गेली, सरळ झाली. मग ती साहेबांच्या गुडघ्यांवरून पुढे झुकली आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "ताई, जरा धरता का हिला? मिनिटभर."

बाईने पोरीला आनंदाने घेतलं. घेता घेता म्हणाली, "आजोबा बसलेत की शेजारी."

"त्यांना सर्दी झालीय," सून म्हणाली आणि फडकं शोधायला वाकली.

साहेबांनी पुढे केलेले हात आणखी क्षणभर तसेच होते. मग त्यांतला एक खिशात गेला, रुमाल घेऊन बाहेर आला आणि त्यांनी नाक पुसलं. नाक कोरडं होतं. बाईने ठमाबाईला छातीशी धरून त्यांच्यापासून जरा लांब, आपल्या बाजूच्या खिडकीकडे वळवलं आणि सांगितलं की सर्दी असली की लेकरांजवळ जायचं नाही, तुमच्यासारख्या मोठ्या माणसांना हे कळायला हवं. वाफ घेता का?

"घेतो," साहेब म्हणाले.